स्वच्छ बुटांचा अभ्यासदौरा

परदेशी जायचं ठरलं की माणसं नकाशा उघडतात. आमच्या घरी पंचांग उघडलं गेलं. थोरल्या काकांना, म्हणजे साऱ्या गावाच्या आण्णांना, नॉर्थ डकोटात जाऊन रीजनरेटिव्ह शेती, म्हणजे नांगरट टाळून माती पुन्हा जिवंत करणारी शेती, बघायची आहे. चुलतभावानं त्यांना बिस्मार्कजवळच्या गेब ब्राउनची गोष्ट ऐकवली, तेव्हापासूनचं हे खूळ. 1995 पासून ओळीनं चार वर्षं या माणसाची पिकं गेली, तीनदा गारपिटीनं आणि एकदा दुष्काळानं. खताला पैसे उरले नाहीत, झोडपलेलं पीक रानातच पडून राहिलं, आणि त्याच काडाखाली माती हळूहळू जिवंत होऊ लागली. आण्णा ऐकताना एकदाच हुंकारले. गारपीट त्यांच्या चांगल्या ओळखीची. तिनं कुणाचं भलं केल्याचं मात्र ते पहिल्यांदाच ऐकत होते.

पंचांगाशी वाद लगेच सुरू झाला. तिकडची रानं बघावीत जुलै-ऑगस्टात, सूर्यफूल, मुळा, वाटाणा, चवळी अशी आच्छादनाची पिकं एकाच शेतात गर्दी करून उभी असतात तेव्हा. पण जुलै-ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे आडसाली उसाची लागण. त्या दिवसांत आण्णा सातारलासुद्धा जात नाहीत. हिवाळ्यात त्यांना थोडी उसंत मिळते, पण तेव्हा नॉर्थ डकोटा बर्फाखाली असतो, आणि बर्फ बघायची हौस काकूंची आहे, आण्णांची नाही. जमिनीत होईल तितका काळ जिवंत मूळ असावं, हे त्या शेतीचं एक मुख्य सूत्र. आण्णांच्या रानात ते मूळ बारा महिने असतं, आणि ते म्हणजे स्वतः आण्णा. ते पंधरा दिवसांसाठी उपटून विमानात कसं बसवायचं, हे कुठल्याच प्रवास कंपनीच्या पत्रकात छापलेलं नाही.

व्हिसाच्या मुलाखतीची तालीम ओसरीवर झाली. तिथल्या अधिकाऱ्याला तुम्ही परत येणार याची खात्री पटावी लागते, असं चुलतभावानं बजावलं. आण्णांना प्रश्नच कळेना. परत यायचं नाही तर खोडव्याला पाणी कोण देणार? मला तर वाटतं, जगातल्या सगळ्या दूतावासांनी हमीपत्राऐवजी पाण्याच्या पाळीचा कागद मागावा.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत उतरल्यावर विचारतात, तुम्ही शेतावर गेला होतात का, गुरांच्या जवळ होतात का, सोबत माती आहे का. रोगजंतू आणि किडी चिखलातून देश ओलांडतात, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. तरी माती बघायला निघालेल्या माणसानं बुटाला मातीचा कण न लागता पोचायचं, याची मला मौज वाटते. बूट नवे घेता येतील. पण आण्णांच्या टाचा म्हणजे उन्हाळ्यात तडकलेल्या काळ्या रानाचा नकाशाच; त्या भेगांत कृष्णाकाठ किती खोलवर बसलाय, ते विमानतळावरच्या कुठल्या यंत्राला कळावं? काकू रोज रात्री गरम पाणी आणि वजरी घेऊन बसतात. माती काही निघत नाही. काकूही फार जोर लावत नाहीत.

या साऱ्या खटाटोपात मला अल्बर्ट हॉवर्ड आठवतात. हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 मध्ये पुसाला आले आणि पुढे इंदूरला त्यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड हे नाव आहे. इथले शेतकरी आणि पिकांवरच्या किडी हेच आपले प्राध्यापक, असं हॉवर्डनी मोकळेपणानं मानलं. त्यांचं लिखाण वाचून पेनसिल्व्हेनियातल्या रोडेलनी शेत घेतलं, आणि त्यांच्या मुलानं, रॉबर्ट रोडेलनी, 1980 च्या दशकात ‘रीजनरेटिव्ह’ हे नाव रुळवलं. एवढं कळलं की आपल्याकडे लगेच कुणीतरी ‘म्हणजे सगळं आपलंच’ म्हणत मिशीवर ताव देतं. पण हॉवर्डही चिनी शेतकऱ्यांच्या खतांच्या ढिगांकडून शिकले होते. ज्ञानाला पासपोर्ट लागत नाही, हेवा वाटावा इतकं ते सहज फिरतं. त्या प्राध्यापक शेतकऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. माझा अंदाज, त्यांनाही जुलैत सवड नसणार.

दौऱ्याचा कार्यक्रम आता आला आहे. त्यात नायगारा आहे, न्यूयॉर्क आहे, आणि शेतासाठी एक दुपार आहे. त्या दुपारी विचारायच्या प्रश्नांची यादी चुलतभावानं केलीय: सेंद्रिय कर्ब किती वाढला, पाऊस किती मुरतो, गुरं कशी फिरवता. आण्णांनी ती चष्मा लावून वाचली. गेली काही वर्षं ते उसाचं पाचट जाळत नाहीत, सरीत तसंच कुजू देतात, आणि पारावर त्यावरून बरीच करमणूक होते. त्यांनी पेन मागून घेतलं आणि सगळ्यांच्या वर आपला प्रश्न लिहिला: ‘नांगर सोडलात तेव्हा शेजारचे काय म्हणाले?’

चुलतभाऊ म्हणाला, हा शेवटी घेऊ. आण्णा म्हणाले, दुपार एकच आहे, हाच आधी घ्या.