उपअभियंता, निवृत्त

प्रत्येक सहलीत एक निवृत्त उपअभियंता असतोच. देऊळ, चर्च, मशीद असला भेदभाव त्याच्यापाशी नाही. आत शिरला की पहिली नजर छताच्या कोपऱ्यात, ओल आहे का बघायला. देवाचं मग सावकाश.

मोरोक्कोच्या सहलीत आमच्या वाट्याला आलेले भाऊसाहेब ह्याच वाणाचे. कॅसाब्लांकाची हसन दुसरा मशीद अटलांटिकच्या काठावर आहे. तिचा काही भाग तर थेट पाण्यावरच. मिनार 210 मीटर. तो सेल्फीत मावेना म्हणून मंडळी हळहळत होती. भाऊसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा दोरीला बांधला, एक डोळा मिटला आणि हात लांब करून ओळंबा धरला. "सरळ आहे," म्हणाले. नसता तर पाडून परत बांधायला लावला असता.

गाइडनं सांगितलं, काम 1986 साली सुरू झालं. राजाच्या साठीला, 1989मध्ये पुरं व्हायचं होतं. झालं 1993 साली. भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे चार वर्षांची मुदतवाढ!" तेवढ्यानं मोरोक्को त्यांना एकदम माहेरासारखा वाटू लागला.

बूट पिशवीत घालून आत गेलो. 25 हजार माणसं मावतील एवढा दिवाणखाना, अ‍ॅटलासच्या देवदाराचं कोरीव छत, व्हेनिसच्या काचेची झुंबरं. आम्ही झुंबरं बघत होतो. भाऊसाहेब खांबांवर टिचक्या मारून पोकळ वाजतं का ते ऐकत होते. 1,100 टनांचं हे छत मोटरवर सरकून उघडतं, असं कळल्यावर म्हणाले, "आम्ही बांधलेल्या शाळांची छपरं पहिल्याच पावसात उघडायची. मोटरसुद्धा लागायची नाही."

पण खरी भूक वेगळीच होती. "खाऱ्या हवेत सळया गंजून फुगतात, काँक्रीट उडतं. इथं काय केलंत?" गाइड जरा चाचरला. दुरुस्ती करावी लागली, स्टेनलेस स्टीलच्या सळया घातल्या, म्हणाला. भाऊसाहेबांनी मान डोलावली. त्या दिवशी मशीद नीट पाहिलेला आमच्यातला हा एकटाच माणूस, असं माझं मत आहे.

खाली वजूच्या दालनात मात्र टिचकी वाजलीच नाही. तिथल्या भिंतींना तादलाक्त, म्हणजे घोटून घोटून चकाकवलेला चुन्याचा गिलावा. पाणी उडालं तरी मुरत नाही. भाऊसाहेब तळव्यानं भिंत चाचपत राहिले. बस सुटायची वेळ झाली, तरी हे डायरी उघडून उभे. "प्रमाण सांगा."

"चुना, काळा साबण," गाइड म्हणाला, "आणि अंड्याचा बलक."

"अंडं?" मागून वहिनी. "अहो, आपल्या न्हाणीघराला लावाल, तर सोवळ्यानं आंघोळ मी कुठं करू?"

भाऊसाहेबांनी बलक खोडला. "आपल्याकडं चुन्यात गूळ नि उडीद घालायचेच की," पुटपुटत त्यांनी पुढं लिहिलं : उडीद, अंदाजे.