नावावर जाऊ नका, चाल बघा

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या आयडीवर २०२५ मध्ये तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मांची नोंद झाली. गावची लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. प्रकरण उघड झालं तेव्हा राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. दोषी कोण, ते तपास ठरवेल. धडा मात्र आजच घेता येतो. आयडी ग्रामपंचायतीचाच होता आणि जन्मनोंदणीचं संकेतस्थळ सरकारचंच. नावात खोट नव्हती, ती चालीत होती. एवढ्याशा गावात रोज सरासरी तीनशे बाळं जन्मत नाहीत, हे आकडा बघणाऱ्या कोणालाही कळलं असतं. पण आकडा बघायचा असतो हेच आपण कोणाला शिकवलेलं नाही.

संगणकाच्या आतही नेमकं हेच चालतं.

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठल्याही सेवा केंद्रात जा. पीकविम्याची मुदत तोंडावर आलेली, बाहेर रांग, आणि काउंटरवर एकच तक्रार: "भाऊ, मशीन आज लय स्लो चालून राहिली." मग कोणीतरी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडतो. यादीत 'एसव्हीसीहोस्ट' पन्नास वेळा दिसतं आणि निकाल लागतो, व्हायरस!

हा निकाल चुकीचा आहे. विंडोजच्या अनेक सेवा याच एका प्रोग्रामच्या आधाराने चालतात. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त मेमरी असेल तर बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रोसेस मिळते. त्यामुळे पन्नास दिसणं हे निरोगी मशीनचंच चित्र आहे. घुसखोरालाही ही गर्दी माहीत आहे, म्हणून तो तेच नाव लावून तिच्यात उभा राहतो. कधी 'व्ही' आणि 'सी'ची अदलाबदल करतो, कधी दुसऱ्या एखाद्या नावात 'एल'च्या जागी मोठा 'आय' बसवतो, आणि घाईतल्या डोळ्याला फरक कळत नाही.

बोगस बियाण्याने पोळलेल्या या जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. पाकिटावरचं चित्र बघून बियाणं घेणारा फसतो. लॉट नंबर आणि पक्कं बिल बघणारा बऱ्याच अंशी वाचतो. प्रोसेसलाही तसेच चार प्रश्न विचारा.

पहिला, राहतो कुठे? नावावर राइट क्लिक करून फाइल लोकेशन उघडा. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये असतो, ६४ बिटच्या मशीनवर कधी सिसवॉव६४ मध्ये. तोच डाउनलोड किंवा टेम्प फोल्डरमध्ये सापडला, तर तो तोतया समजा. विंडोज एक्सप्लोररचं घर मात्र थेट विंडोज फोल्डर. तो सिस्टिम३२ मध्ये दिसला तर शंका घ्या.

दुसरा, सुरू कोणी केला? एसव्हीसीहोस्टला 'सर्व्हिसेस' नावाची प्रोसेस जन्म देते. तो वर्ड फाइलच्या पोटातून निघाला असेल तर काहीतरी गडबड आहे. ही वंशावळ टास्क मॅनेजर नीट दाखवत नाही. मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस एक्सप्लोरर दाखवतं, आणि ते फुकट मिळतं.

तिसरा, सही कोणाची? प्रोसेस एक्सप्लोररमध्ये डिजिटल सही तपासता येते. विंडोजची फाइल म्हणवते आणि मायक्रोसॉफ्टची सही नाही, तर थांबा.

चौथा, करतो काय? रात्री मशीन रिकामी असताना प्रोसेसर सतत नव्वद टक्क्यांवर का आहे? इंटरनेटवरून अखंड माहिती कुठे चालली आहे? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर आली तरी हा प्रश्न सोडू नका, कारण सहीसुद्धा चोरीला जाते. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांची चोरलेली प्रमाणपत्रं वापरली होती. २७ जून २०१७ ला जगभर पसरलेला तसलाच नॉटपेट्या तर 'रनडीएलएल३२' या विंडोजच्याच अस्सल प्रोग्रामकडून स्वतःची फाइल चालवून घेत होता. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल त्याने ठप्प केलं. घर खरं, सही खरी, काम घातकी. म्हणून शेवटचा निर्णय चालीवर.

आता उलटी बाजू, आणि तीही तितकीच धोक्याची. घाबरून डिलीट मारणारे हात व्हायरसइतकंच नुकसान करतात. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीवरचा अस्सल एसव्हीसीहोस्टच व्हायरस ठरवला. जगभर मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागल्या, नेटवर्क तुटलं. पहारेकऱ्याच्या हातून अशी चूक होते, तर केवळ नाव ऐकून फाइल उडवणाऱ्याच्या हातून काय होईल? याच भीतीवर फोनवरचे ठग जगतात. "तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे, मी सांगतो ते उघडा" म्हणत ते विंडोजच्याच साध्या नोंदी दाखवतात आणि मशीनचा ताबा मागतात. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. फोन ठेवून द्या.

घुसखोर आत येतो तो बहुतेकदा आपणच दार उघडल्यामुळे. चोरीची विंडोज चालू करणारं सॉफ्टवेअर पहिलीच अट घालतं: अँटिव्हायरस बंद करा. जो आत येण्याआधी पहारा हटवायला सांगतो, त्याचा हेतू आणखी काय तपासायचा? ज्या मशीनवर शेतकऱ्यांचं आधार, सातबारा आणि बँक खातं उघडतं, त्या मशीनवर असलं सॉफ्टवेअर असणं हा गावावरचा अन्याय आहे.

शंका पक्की वाटली तर इंटरनेट तोडा. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून सगळे पासवर्ड बदला. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र साफसफाईची साधनं मोफत देतं, ती वापरा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. इथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

आणि शेवटचं बोलणं जिल्हा प्रशासनाशी. गावोगावचा संगणक परिचालक तुटपुंज्या मानधनावर आख्ख्या गावाची ओळख सांभाळतो. त्याला आयडी दिला, पासवर्ड दिला, कामाचं टार्गेट दिलं. खरं-खोटं ओळखायचं शिक्षण दिलं का? तालुक्याच्या ठिकाणी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, प्रत्येक केंद्रात अस्सल विंडोज, आणि शंका आली तर विचारायला एक जाणता माणूस, एवढीच ही मागणी आहे. हे आधी द्या. त्यानंतर त्याच्या मशीनवर चूक झाली, तर जाब जरूर विचारा.