लाउंजप्रवेशाची प्रमाणित कार्यपद्धती

आवृत्ती पहिली. लागू क्षेत्र: संत तुकाराम नगर, नेहरूनगर, अजमेरा, मासुळकर कॉलनी आणि ज्या ज्या घरातलं एक तरी पोर परदेशात आहे तो सगळा पट्टा.

१. उद्देश

बाळंतपण न्यू जर्सीत असलं तरी त्याची तयारी संत तुकाराम नगरातच होते. डिंकाचे लाडू वळून होतात, बाळंतशेपा भाजून होतात, वायसीएम रुग्णालयाजवळच्या औषधाच्या दुकानातून सहा महिन्यांच्या गोळ्या येतात. सगळं उरकलं की हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा सांगतो, "बाबा, मुंबई एअरपोर्टवर लाउंज आहे. माझ्या कार्डावर फुकट आहे. जाच." हे ऐकून चांगल्या चांगल्या माणसाचा तोल जातो. तो जाऊ नये, एवढ्यासाठी ही कार्यपद्धती.

आपल्या पट्ट्यात लेखी कार्यपद्धतीशिवाय कामाला हात घालायची रीत नाही. १९५४ साली एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स) कंपनी उभी राहिली, मागोमाग बाकीच्या आल्या, आणि इथल्या दोन पिढ्यांचं आयुष्य गेटपास, कूपन आणि शिफ्ट यांत गेलं. टूलरूममध्ये मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकू न देणारे काका बुफेसमोर मात्र मोकाट सुटतात. तिथे भिंतीवर सूचना लावलेल्या नसतात, एवढंच कारण.

२. व्याप्ती

ही कार्यपद्धती साठी ओलांडलेल्या, इकॉनॉमीचं तिकीट आणि मुलाचं ॲड-ऑन कार्ड बाळगणाऱ्या जोडप्यांना लागू आहे. बिझनेस क्लासवाल्यांना लागू नाही. त्यांचा लाउंज तिकिटातच येतो आणि ते तिथे दह्याची एक वाटी घेऊन तास काढतात, असं ऐकिवात आहे.

३. पार्श्वभूमी (पाठ करण्याची गरज नाही)

१९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ॲडमिरल्स क्लब काढला. विमान कंपनीचा तो पहिला लाउंज. आत कुणाला घ्यायचं हे कंपनी ठरवी, निमंत्रण लागे. पुढे वर्गणी भरून सभासद होता येऊ लागलं. १९९२ मध्ये प्रायॉरिटी पास निघाला आणि विमान कुठल्याही कंपनीचं असलं तरी एकाच कार्डावर वेगवेगळे लाउंज उघडू लागले. मग बँका उतरल्या. मोजक्या बड्या लोकांसाठी काढलेली खोली अशी हळूहळू आपल्यापर्यंत आली, आणि आपण पोहोचलो तेव्हा तिच्याबाहेर रांग लागली होती.

आता फुकट या बाबीची तांत्रिक माहिती. कार्ड घासलं की बँक लाउंजवाल्याला माणशी पैसे मोजते. ते तिने आधीच कमावलेले असतात: दुकानदाराच्या कमिशनमधून, वार्षिक फीमधून, कुणीतरी उशिरा भरलेल्या बिलाच्या व्याजातून. हल्ली बँकाही शहाण्या झाल्या आहेत. मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच दार उघडतं. काही कार्डांना ही अट पाऊण लाखाची आहे. मुलाच्या घरी विनाकारण नवा फ्रिज दिसला, तर तो आपल्या दोन इडल्यांसाठी आला आहे असं समजावं आणि विषय काढू नये.

४. पूर्वतयारी

(अ) प्रस्थान. लोहगावचा विमानतळ आपल्याला जवळ. जुलै २०२४ पासून तिथे नवं टर्मिनलही चालू झालं. २००८ पासून काही वर्षं लुफ्तान्साचं विमान तिथून फ्रँकफर्टला जात असे, ते चाकणच्या जर्मन कंपन्यांच्या साहेबांच्या सोयीचं. आपल्याला अमेरिकेला जायचं तर मुंबईच गाठावी लागते. विमान रात्री दोनचं असलं तर घर दुपारी तीनला सोडावं. द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे हे खरं, पण खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की ते किलोमीटर तासांत मोजायचे असतात.

(आ) उपवास. "लाउंजमध्ये खायचंच आहे" म्हणून सकाळपासून पोट रिकामं ठेवण्याची प्रथा आहे. ती बंद करावी. खालापूरच्या फूड मॉलला बटाटेवड्याच्या वासाने हा निश्चय मोडतो आणि मग दोन्हीकडचं खाल्लं जातं.

(इ) सामान. सुकं खोबरं आंतरराष्ट्रीय नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. त्याला यूएन १३६३ असा स्वतंत्र क्रमांक आहे. ओटीतली खोबऱ्याची वाटी बॅगेत ठेवली तर बॅग बाजूला काढली जाते आणि मावशीबाईंचा आशीर्वाद काउंटरवरच राहतो. तूप आणि लोणचं हातातल्या पिशवीत नको. तिथे द्रवाला १०० मिलिलिटरची मर्यादा आहे आणि खाराला द्रव म्हणतात. सामानाच्या बाबतीत आदर्श आपल्या नगराच्या नावातच आहे. तुकोबा १६५० साली देहूहून विमानाने वैकुंठाला गेले अशी श्रद्धा आहे. ना बॅग, ना वजनकाटा, ना लाउंज, आणि उड्डाण थेट.

(ई) निरोप. पोचवायला दोन गाड्या आल्या तरी टर्मिनलच्या आत फक्त तिकीटवाले जातात. नमस्कार, रडणं आणि फोटो हे सगळं घरीच उरकून घ्यावं. वरच्या मजल्यावरच्या रस्त्याला गाडी थांबली की शिट्टी वाजते.

५. व्हीलचेअरचा प्रश्न

रोज सकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारणाऱ्या काकांसाठी मुलाने व्हीलचेअर सांगून ठेवलेली असते. रांग टळते, कागद भरायला मदत होते, हे फायदे मान्य. परंतु खुर्ची ढकलणारा मुलगा आपल्याला इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीतून काढून सरळ गेटवर नेऊन बसवतो. त्याला पुढचे काका घ्यायचे असतात. तेव्हा लाउंज की खुर्ची, हा निर्णय घरीच करून ठेवावा. ऐन वेळी खुर्चीतून टुणकन उठून "मी जरा लाउंजला जाऊन येतो" म्हटल्यास आसपासच्या खुर्च्यांमधल्या सगळ्याच काका-काकूंकडे संशयाने पाहिलं जातं.

चालत गेल्यास आणखी एक लाभ. मुंबईचं टर्मिनल दोन २०१४ मध्ये सुरू झालं. त्याचं छत मोरपिसाऱ्यावरून सुचलेलं आहे आणि 'जय हे' नावाचं मोठं कलासंग्रहालय भिंतींवर मांडलेलं आहे: कोरीव दारं, झरोके, देवतांच्या मूर्ती. खुर्चीतून ते लोकलच्या खिडकीतल्या स्टेशनांच्या वेगाने मागे जातं.

६. प्रवेश

लाउंजच्या दाराशी रांग असेल. रांगेत सगळे आपल्यासारखेच असतात. फक्त प्रत्येकाला वाटत असतं की बाकीचे उगाच आलेत. काउंटरवर बोर्डिंग पास आणि कार्ड द्यावं. कार्ड घासताना दोन-पाच रुपये कापले जातात त्यावर वाद घालू नये. ओटीपी आल्यास तो मुलाच्या मोबाइलवर जातो. मुलगा त्या वेळी घाटात असतो आणि घाटात रेंज नसते. हा दोष यंत्रणेचा आहे, मुलाचा नाही, हे काकूंनी काकांना शांतपणे सांगावं.

कार्ड एकच आणि माणसं दोन असतील तर दुसऱ्या माणसाचे पैसे पडतात, कधी कधी डॉलरमध्ये. डॉलर या शब्दासरशी "तू जा आत, मी इथेच बसतो" असं म्हणण्याची काकांना मुभा आहे. काकू आत जात नाहीत. म्हणून ॲड-ऑन कार्डं दोन काढावीत.

७. आसन

बसणे हे लाउंजचं मुख्य उत्पादन आहे. खुर्च्या मऊ असतात, पाय पसरता येतात. या विभागात अधिक सूचना नाहीत. बसायला कुणाला वेळ झाल्याची नोंद नाही.

८. भोजन

घाबरण्यासारखं काही नाही. लाउंज म्हणजे गालिचा घातलेलं कंपनीचं कँटीन. ज्याने तीस वर्षं कूपन देऊन स्टीलच्या खाचांच्या ताटात जेवण घेतलं, त्याला इथलं सगळं येतं. कँटीनचे तीन नियम इथे जसेच्या तसे लागू आहेत. एक, ताट हातात घेण्याआधी पूर्ण फेरी मारून काय काय आहे ते पाहावं. नाहीतर पोह्यांनी ताट भरल्यावर कोपऱ्यातला डोशाचा तवा दिसतो. दोन, ज्या भांड्याभोवती गर्दी आहे त्यातला पदार्थ ताजा असतो. तीन, ज्या पदार्थाचं नाव वाचता येत नाही तो चमचाभरच घ्यावा.

फरक एकच. कँटीनमध्ये कुणी वसूल करत नसे, उद्या पुन्हा यायचंच असे. इथे पुन्हा कधी, या विचाराने गुलाबजामाशेजारी सूप आणि सुपाशेजारी सॅलड येऊन बसतं. रात्री अकरा वाजता, एरवी साडेआठनंतर पाणीसुद्धा जपून पिणारे काका ताटात बिर्याणी, इडली आणि चॉकलेट केक अशी मांडणी करतात आणि काकूंकडे पाहत नाहीत. काकू शिरा चाखतात, "वनस्पती आहे," एवढा शेरा देतात आणि तोही संपवतात.

इथलं काही डब्यात भरून न्यायचं नसतं. पर्समध्ये कागदी रुमालात गुंडाळलेला केक सापडल्यास लाउंजचे लोक काही म्हणत नाहीत, फक्त पाहतात. ते जास्त लागतं.

बारविषयी: तोही कार्डात धरलेला असू शकतो. काकांनी काकूंची पूर्वपरवानगी घ्यावी. ती मिळणार नाही, पण प्रक्रिया पूर्ण होते.

९. यंत्रसामग्री: कॉफी मशीन

मशीनवर सात-आठ चित्रं असतात. काका यंत्राचा माणूस, त्यामुळे सूचना न वाचता सगळ्यात वरचं बटण दाबतात. मशीन घरघरतं, वाफ सोडतं, आणि कपाच्या तळाशी दोन घोट काळं पाणी पडून थांबतं.

"अहो, एवढीच?"

"थांब, अजून यायचंय."

दोघं कपाकडे बघत उभी राहतात. मागे चार जणांची रांग होते. काका मशीनच्या बाजूला वाकून पाण्याची टाकी तपासतात, वरून दोन थापा देतात. शेवटी मागचा टी-शर्टवाला मुलगा म्हणतो, "काका, एस्प्रेसो एवढीच असते."

"हे काय झालं मग?" काका विचारतात. प्रश्न मशीनला असतो.

सुधारित कृती: कपभर दूध दिसणाऱ्या चित्राचं बटण दाबावं. चहा हवा असल्यास गरम पाणी आणि पुडी वेगवेगळी मिळते. पुडी पाण्यात सोडायची, फाडायची नाही.

१०. निर्गमन

लाउंजमध्ये आपल्या विमानाची घोषणा होईल या भरवशावर राहू नये; विमानतळावर घोषणा आता कमीच होतात. दर पंधरा मिनिटांनी पडद्यावर गेट पाहावं. गेट लांब असतं, आणि विमान सुटायच्या बऱ्याच आधी बंद होतं. काकू एक तास आधी उठतात. काका "अजून वेळ आहे" म्हणतात आणि फळांकडे वळतात. अशा वेळी काकूंचं ऐकावं. हा नियम बाकी प्रवासालाही लागू आहे.

११. अननुरूपता अहवाल

विमान उडाल्यावर तासा-दीड तासाने जेवणाची गाडी येते. मुलाने आठवणीने शाकाहारी जेवण नोंदवलेलं असतं, म्हणून ते सगळ्यांच्या आधी येतं: भात, राजमा, गरम पराठा, वर दही. काका हात जोडतात. ताट तसंच परत जातं. पुढचे चौदा तास पोट डब्ब आणि डोळे टक्क. सीटसमोरच्या पडद्यावरचं छोटं विमान अजून कास्पियन समुद्रावरच असतं.

आपल्या पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्यात अशा घटनेनंतर पाच वेळा 'का' विचारतात. इथेही विचारावं.

जेवण का परत गेलं? पोट भरलं होतं.
पोट का भरलं होतं? लाउंजमध्ये तीनदा वाढून घेतलं.
तीनदा का घेतलं? फुकट होतं.
फुकट आहे असं का वाटलं? मुलाने सांगितलं.
मुलाने का सांगितलं? रात्रीचं जागरण आहे, गुडघे दुखतात, आई-बाबांनी दोन तास जरा आरामात बसावं, म्हणून.

मूळ कारण: विभाग ७ वगळला.

सुधारात्मक कृती: परतीच्या वेळी नेवार्कच्या लाउंजमध्ये आधी खुर्ची धरायची, पाय पसरायचे, चपला काढल्या तरी चालतील. एक कप चहा. ताटाला हात लावायचा नाही.

जबाबदार व्यक्ती: काका.
मुदत: सहा महिने.
पडताळणी: काकू.