दुसऱ्यांदा पिवळे झालेले हात

हात पिवळे व्हायचे ते आयुष्यात एकदाच आणि तेही हळदीने, अशी माझी समजूत होती. परंतु लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते त्या काळी, म्हणजे 1982 च्या अगोदरच्या एका उन्हाळ्यात, नांदेडहून सासुरवाडीस जाऊन महिनाभर ठाण मांडण्याचा मोह मला आवरला नाही, आणि ते दुसऱ्यांदा पिवळे झाले.

सासरे निजामी अमलातले गिरदावर. घरात गावरान आंब्याची अढी, आणि "जावईबापू, तुपाबिगर रस बाधतो की!" असे म्हणत सासूबाई दोन्ही वेळा वाटीत तुपाची धार सोडीत. पंचविसाव्या दिवशी विडा देताना सासऱ्यांनी माझा तळहात न्याहाळला आणि जप्तीचा हुकूम वाचावा तशा स्वरात "कावीळ" एवढेच उच्चारले.

डॉक्टरांनी तळहाताकडे ढुंकूनही न पाहता खालची पापणी ओढली, डोळा पांढराशुभ्र असल्याची खातरजमा केली आणि विचारले, "खाता काय?" आंब्याचा रंग म्हणजे कॅरोटीन, आणि ते पाण्याला दाद देत नाही. गाजरात ते स्फटिकरूपाने कोंडलेले असते, आंब्यात मात्र तेलाच्या सूक्ष्म थेंबांत विरघळलेले; त्यावर तूप उतरले की पित्त धावून येते, दोहोंचे बारीक कण बांधते आणि लहान आतड्याच्या दारी रुजू करते. तेथे त्याचे दुभाजन होऊन अ जीवनसत्त्व तयार होते; गरज भागली की हे काम मंदावते, आणि शिल्लक रंग चरबीत नि तळहात-तळपायांच्या जाड कातडीत जमा होतो. कावीळ डोळ्यांत उतरते, हा रंग डोळ्यांना शिवत नाही. आंबा थांबवा, काही आठवड्यांत जाईल.

म्हणजे सासूबाईंचे तूप शास्त्रशुद्धच होते, फक्त जरा जास्तच शास्त्रशुद्ध.

हा निकाल सासऱ्यांना नामंजूर. त्यांनी मला कावीळ उतरवणाऱ्यापुढे हजर केले. त्याने हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला, ते चुन्याच्या पाण्यात धुतले, आणि पाणी पिवळेधमक झाले. ती साल आंब्याच्या झाडाची असते आणि चुन्यात ती कोणाच्याही हातावरून पिवळीच उतरते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या दिवशी मात्र सासऱ्यांनी "निघाली बघा!" म्हणत मोठ्या कौतुकाने स्वतःचेही हात पुढे केले, त्यांचे पाणी माझ्याहून पिवळे निघाले.

त्या रात्री आम्हा दोघांचाही रस बंद झाला. तूप सासूबाईंनी वरणावर चालू ठेवले.