डावीकडची तारीख

मॅक्रोकाका तुमच्याही सोसायटीत असतीलच. बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त, शर्टाच्या खिशात पेन ड्राइव्ह, आणि कुणी नुसतं 'एक्सेल' म्हटलं की हातातला चहा ठेवून खुर्ची पुढे ओढणारे. आमचे काका नमस्काराच्याही आधी विचारतात, "तारीख डावीकडे आहे की उजवीकडे?"

प्रश्न राजकीय नाही. एक्सेलमध्ये खरी तारीख म्हणजे आकडा असतो, 1 जानेवारी 1900 ला पहिला धरून मोजलेला दिवस. आकडे आपसूक चौकटीच्या उजव्या कडेला बसतात. तारखेचं सोंग घेतलेला मजकूर डावीकडे राहतो. काकांच्या लेखी जगाची एवढीच विभागणी. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की ते "22037!" असं समाधानानं पुटपुटतात, 1 मे 1960 चा तो क्रमांक. शिवराज्याभिषेकाची 6 जून 1674 मात्र एक्सेलला झेपत नाही, 1900 च्या आधीची तारीख त्याला कळतच नाही. म्हणजे राज्याभिषेकही डावीकडे! हे दुःख काकांनी मला गणपतीच्या आरतीत ऐकवलंय. पुतण्याचं लग्न दुसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं तेव्हा म्हणाले, "वाटलंच होतं. डावीकडची होती ती."

आणि मग टँकर प्रकरण झालं. गेटवरच्या ॲपमधून टँकरच्या नोंदींची फाइल निघते. एप्रिलभर रोज एक टँकर आला होता. अध्यक्षांच्या भाच्यानं ती सीएसव्ही फाइल मॅक्रोनं, म्हणजे एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रॅमनं, उघडली आणि आलेख काढला. आता मॅक्रोला वेगळं सांगितलं नाही तर तो अमेरिकी रीत धरतो, आधी महिना, मग दिवस. त्यामुळे 1 एप्रिलचा टँकर 4 जानेवारीला गेला, 2 एप्रिलचा 4 फेब्रुवारीला, आणि 12 एप्रिलचा थेट 4 डिसेंबरला. दर महिन्याच्या चार तारखेला एक टँकर, पेन्शनसारखा नियमित! तेरावा महिना अमेरिकेतही नसल्यामुळे 13 एप्रिलपासूनच्या तारखा मजकूर होऊन डावीकडे पडून राहिल्या. त्या भाच्यानं 'खराब डेटा' म्हणून उडवल्या. अध्यक्ष खूश. "नियोजन म्हणतात ते हे," असं सभेत म्हणाले, आणि अजून न आलेल्या डिसेंबरच्या टँकरसकट टाळ्या पडल्या.

काका पांढरे पडले होते. बारापैकी अकरा तारखा उजवीकडे बसून धडधडीत खोटं बोलत होत्या! त्यांनी मॅक्रो नव्यानं लिहिला. प्रत्येक तारखेचे तुकडे करून वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं डेटसिरियल या फंक्शनच्या हवाली केले, अंदाजाला जागाच ठेवली नाही. मग आडव्या अक्षाला टाइम स्केल लावली. मजकुराच्या अक्षावर दोन नोंदींत एक दिवस असो की दोन महिने, अंतर सारखंच पडतं. टाइम स्केलवर रिकामे दिवस रिकामे दिसतात. सगळे टँकर एप्रिलमध्ये खेटून उभे राहिले, आणि ते कुणाच्या बोअरवेलचं पाणी आटल्यावर आले, हे सगळ्यांना दिसलं. तो आलेख नोटीस बोर्डावर लागला नाही. काकांची मात्र समितीतून गच्छंती झाली, 'तांत्रिक सल्लागार' या मानाच्या पदावर.

या माणसाचा मला भयंकर कंटाळा येतो, आणि तरी परवा प्रिंटआउटच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी तासभर बसलो. लॅपटॉपवर काकूंच्या साखरेचा आलेख उघडा होता. उपाशीपोटी, जेवणानंतर, अशा दोन रेघा. दोन्ही गेल्या आषाढात थांबतात. पण अक्षाचं उजवं टोक काकांनी मॅक्रोतच 'आजची तारीख' असं बांधून ठेवलंय, त्यामुळे पुढची पांढरी जागा रोज एका दिवसानं वाढते.

मी आपलं सुचवलं, टोक ऑटोमॅटिकवर ठेवलं तर अक्ष शेवटच्या नोंदीपाशीच संपेल, आलेख भरलेला दिसेल.

"मला माहीत नाही होय?" काकांनी लॅपटॉप मिटला. "सेक्रेटरी, मेच्या टँकरांची फाइल अजून आली नाही माझ्याकडे. आणि त्या भाच्याला हात लावू देऊ नका."