टटटजव्हारटटट

मराठी विकिपीडियावर मी लिहिलेला पहिला शब्द ‘टटटजव्हारटटट’ असा होता. वाचणाऱ्याला वाटावं, आमच्याकडच्या बोहाड्याची मुखवट्यांची सोंगं निघाली आहेत आणि हा संबळाचा बोल आहे. मला फक्त आमच्या गावाचं नाव ठळक करायचं होतं.

भाची मोखाड्याहून दोन दिवसांसाठी आली होती. मामा निवृत्त होऊन नुसता झोपाळ्यावर बसतो हे तिला बघवेना, म्हणून तिने मला गावाबद्दल लिहायला बसवलं. नियम तिने सांगितले आणि मी मराठीच्या मास्तराच्या निष्ठेने वहीत उतरवून घेतले. शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन टिकल्या दिल्या की शब्द तिरका होतो. तीन-तीन दिल्या की ठळक. पाच-पाच दिल्या की तिरका आणि ठळक. टिकली म्हणजे तिच्या भाषेत एकेरी अवतरणचिन्ह.

“आणि चार?”

“चार द्यायच्याच नाहीत, मामा.”

जन्मभर अपवाद शिकवून पोट भरलेला माणूस मी. चार दिल्याशिवाय राहवेना. पण त्याआधी एकही टिकली उमटेना. मी इनस्क्रिप्ट कळफलकाने टाइप करतो आणि इनस्क्रिप्टमध्ये टिकलीच्या कळीवर ‘ट’ राहायला आलेला आहे. शेजारच्या चौकटी कंसात ‘ड’ने बिऱ्हाड थाटलंय, महिरपी कंसात ‘ढ’ने. ताऱ्याच्या जागी ‘श्र’. हॅशच्या जागी पायातला ‘र’. मथळ्यासाठी बरोबरची दोन चिन्हं द्यायला गेलो, तर ऋकाराच्या दोन शेपट्या ठिपक्यांच्या वर्तुळांना लोंबू लागल्या. दाभोसा धबधब्याचा दुवा द्यायचा होता, तो ‘डडदाभोसा’ झाला. पावसाळ्यात जवळ उभं राहिलं तर तो तसाच ऐकू येतो ही गोष्ट वेगळी.

विकीला ज्या ज्या खुणा लागतात, नेमक्या त्याच कळांवर आपली बाराखडी भाडेकरू म्हणून बसली आहे. मराठी लिहा किंवा खुणा करा. दोन्ही करायचं तर देवळात चपला काढल्या-घातल्यासारखं प्रत्येक शब्दाला दोनदा कळफलक बदला. शेवटी मी सगळ्या टिकल्या संगणकातल्याच एका कागदावर साठवून तिथून आणायला लागलो, तर त्या वळणदार निघाल्या. विकीला सरळ टिकली लागते, वळणदार चालत नाही. मग सरळ चार दिल्या. जव्हार ठळक झालं आणि दोन्ही अंगांना उरलेली एकेक टिकली दारात चप्पल विसरावी तशी बाहेर राहिली.

सुरुवातीला हे सगळं इतकं वाकडं नव्हतं म्हणे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी काढली. नाव घेतलं होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाईयन भाषेत त्याचा अर्थ झटपट. (आमच्या घाटातल्या एसटीवरून नाव घेतलं असतं, तर ज्ञानकोश अजून विक्रमगडलाच असता.) त्यांची युक्ती अशी की मोठ्या अक्षराने सुरू होणारे दोन शब्द जोडून लिहिले, की दुवा आपोआप तयार. कंस नाही, टिकली नाही. इतकी साधी रीत, आणि आपल्याला तिचा काडीचा उपयोग नाही. देवनागरीत मोठं अक्षर-लहान अक्षर असा भेदच नाही, सगळे एका शिरोरेघेखाली समान. समतेची एवढी किंमत पडेल असं कुणाला वाटलं होतं?

पुढे जितक्या विकी तितक्या खुणा झाल्या. एकीकडे ठळकसाठी टिकल्या, दुसरीकडे तारे. मग २००६ साली विकीवाल्यांची परिषद डेन्मार्कमधल्या ओडेन्सला भरली, तिथे सगळ्यांना चालतील अशा समान खुणा ठरवायचं घाटलं आणि २००७ मध्ये ‘क्रिओल’ची पहिली पक्की आवृत्ती आली. क्रिओल म्हणजे दोन-तीन भाषांच्या सरमिसळीतून जन्मलेली बोली. आपल्याकडे अलिबागजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीची अशीच एक बोली आहे, पण ती कुठल्या परिषदेत ठरली नाही. परिषदेत ठरवायला बसलं की भानगडी निघतात. ठळकसाठी दोन तारे घ्यावेत, तर ओळीच्या सुरुवातीला आलेले दोन तारे ठळक शब्दाचे की यादीतल्या पोटमुद्द्याचे? तिरक्यासाठी दोन तिरप्या रेघा घ्याव्यात, तर वेबपत्त्यात आधीच दोन रेघा ठाण मांडून बसलेल्या.

मला हे वाचून स्फुरण चढलं. पूर्वी आपली मोडी लिपी विरामचिन्हांविना, हात न उचलता धावत होती. विरामचिन्हं मराठीत रुजवल्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या साहेबाला देतात. आता ठळक-तिरकं तरी आपलं आपण ठरवावं! इनस्क्रिप्टवर अजून मोकळ्या असलेल्या खुणा मी मोजल्या. त्यात दंड होता. पोथीतला, आपला, घरचा. मी वहीत पहिला नियम लिहिला: मथळा दंडांच्या दोन जोड्यांमध्ये. ॥ जव्हार ॥. काय शोभा आली पानाला!

भाचीने त्या नियमाखाली एक अभंग उतरवला. प्रत्येक कडव्याच्या शेवटचा आकडा मथळा झाला. मग तिने आमच्या घरातली लग्नपत्रिका घेतली. तिच्यात गणपती, कुलदेवता आणि दोन आजोबा असे चार मथळे निघाले, नवरा-नवरीला एकही नाही.

मग मी दुव्यासाठी दोन बाजूंना लहान रेघ असा नियम केला. पहिल्याच वाक्यात ‘जव्हार-मोखाडा रस्ता’ आला. वही मी मिटली.

संध्याकाळी फिरायला गेलो, तर एका घरी लग्नाचा चौक लिहिणं चाललं होतं. गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पीठ. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, अंबाडा काढला की बाई. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, एवढ्यावर अख्खं वऱ्हाड उभं राहत होतं. इथे चार टिकल्यांचं काय करायचं हा प्रश्न कुणाला पडलेला दिसला नाही. मी थोडा वेळ बघत उभा राहिलो आणि काही न विचारता निघालो.

विकीवाल्यांनी मराठीत काही फार गोड केलं आहे, तेही सांगायला हवं. सरावाच्या पानाला तिथे ‘धूळपाटी’ म्हणतात. गप्पांच्या जागेला ‘चावडी’. आणि चित्र लहान करायचा हुकूम आहे ‘इवलेसे’. जयविलास राजवाड्याच्या चित्रापुढे मी तो लिहिला, तर राजवाडा खरोखर इवलासा होऊन उजव्या कडेला जाऊन बसला. संस्थानाच्या १९४८ च्या विलीनीकरणानेही त्याला एवढं लहान केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाचीला मोखाड्याच्या गाडीत बसवून दिलं. जाताना ती म्हणाली, “मामा, पोचले की कळवते.” रात्री नऊला मोबाइल वाजला. उघडून बघितलं, तर एवढाच निरोप होता:

टटटपोचलेटटट