विरार फास्टचे नाना

नानांचा उभा जन्म विरार-चर्चगेट लोकलमध्ये गेला, त्यातलाही बराचसा उभ्यानेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी सात आसनांची गाडी घेतली आणि लेहला जायचं जाहीर केलं. गाडीचा नंबर एमएच ४८, समोरचा हायवेही ४८; म्हणजे गाडी थेट आहे, मध्ये बदलायची नाही, असा अर्थ त्यांनी लावला. पहिला मुक्काम उदयपूर, अंतर सातशे किलोमीटरच्या घरात, सुटण्याची वेळ पहाटे ४:०७. चारलाच का नाही, असं विचारणाऱ्याला लोकल कळत नाही.

चार वाजता नाना गाडीत बसलेले. गाडी चालवणारा पुतण्या अजून दात घासत होता. पण आधी जागा धरायची, मग बाकीचं. पुढची डावी खिडकी हवेची, ती त्यांची. मधल्या ओळीत आम्ही तिघं, मागे नानी आणि शेजाऱ्यांचं पोर. इतक्यात नानींचा भाऊ पिशवी घेऊन आला. नाना मागे वळून म्हणाले, “सरका जरा, चौथी सीट द्या.” आम्ही मांड्या आवळल्या. तेवढ्यात भाऊ म्हणाला, “मला मनोरलाच उतरायचंय.”

नानांचा चेहरा बदलला. विरार फास्टमध्ये बोरिवलीवाला चढला की तो असाच बदलत असे. “मनोरला? मग मागून साधी गाडी येत होती ना!” मेहुण्याची रवानगी पार मागच्या ओळीत, खिडकीशी झाली. मनोरला उतरताना त्याला सगळ्यांचे गुडघे ओलांडावे लागले. नानांनी समाधानाने डोळे मिटून घेतले.

पण मनोर फार पुढचं. जीवदानीच्या डोंगराला हात जोडून, चंदनसार मागे टाकून आम्ही विरार फाट्याला हायवेवर आलो आणि शिरसाडजवळ ट्रकांच्या रांगेत रुतलो. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. उशीर होतो याचं नानांना काही वाटत नव्हतं. उशीर का होतोय हे कुणी सांगत नाही, याने ते कासावीस झाले. “काही अनाउन्समेंट नाही, दिलगिरी नाही! १८६७ साली विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली, तेव्हापासूनची आपली लाइन. आपल्याला ही वागणूक?” शेजारच्या ट्रकचा क्लीनर आदराने ऐकत होता.

खानिवडे टोलनाक्यावर तर कहर झाला. “तीन नंबर आधी सुटणार!” नाना ओरडले. पुतण्याने गाडी तिकडे वळवली आणि दोन नंबर सुटली. पुढचे पाच किलोमीटर गाडीत कुणी बोललं नाही. शेवटी नानींनी वसईची सुकेळी फिरवली, तेव्हा वातावरण निवळलं. चारोटी ओलांडल्यावर नानी म्हणाल्या, “महालक्ष्मीला दोन मिनिटं उतरू या का?” “फास्ट आहे. इथे थांबत नाही. बसल्या जागेवरून हात जोडा.” तलासरी गेली, अच्छाड गेलं, गुजरात लागलं.

भरूचला नर्मदेचा पूल आला आणि नाना म्हणाले, “गाडी बाजूला घे. अंधेरी आली.” अर्ध्या वाटेत उठायचं आणि अवघडलेल्याला बसायला द्यायचं, हा लोकलचा अलिखित कायदा. त्यांनी आपली हवेची खिडकी शेजाऱ्यांच्या पोराला दिली आणि स्वतः मागच्या ओळीत, गुडघे हनुवटीला लावून बसले. आम्ही नको नको म्हणत होतो. “वा! मी बसून आलोय की,” एवढंच म्हणाले. नंतर त्यांनी चकार शब्दाने कुरकुर केली नाही.

उदयपूर त्या दिवशी हाती लागणार नव्हतं. गाडी बडोद्यापर्यंतच धावेल, असं नानांनी संध्याकाळी स्वतःच जाहीर केलं आणि वर गैरसोयीबद्दल खेदही व्यक्त केला. बडोदा वीस किलोमीटर असतानाच ते बॅग छातीशी बांधून, छताला डोकं टेकवून अर्धवट उभे राहिले. “चला, पुढे सरका. उतरणार ना? मग आत्ताच बसून काय करताय?”

हॉटेलात शिरताना नानी म्हणाल्या, “अहो, आलोच आहोत तर उद्या सकाळी गायकवाडांचा लक्ष्मी विलास राजवाडा बघून निघू.”

नाना थबकले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

“नोकरीभर रोज चर्चगेटला गेलो,” ते म्हणाले. “म्हणून काय चर्चगेट बघत बसलो?”